पास चुकवणारा दर वेळी वेगळा, गोल मात्र तोच: साउथॅम्प्टनच्या २०२४-२५ सीझनचं प्रकरण

१७ ऑगस्ट २०२४. न्यूकॅसलचं सेंट जेम्स पार्क, सीझनची पहिली मॅच, आणि नुकतीच प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगमध्ये, वर आलेली साउथॅम्प्टनची टीम बॉल असा फिरवतेय की पाहुणे नक्की कोण हेच कळेना. त्यात २८व्या मिनिटाला न्यूकॅसलच्या फाबियान शेरला रेड कार्ड मिळालं, म्हणजे समोर दहाच जण आणि तासभराचा खेळ अजून बाकी. आणि हाफटाइमच्या तोंडावर काय झालं, तर साउथॅम्प्टनचा कीपर अ‍ॅलेक्स मॅकार्थीने गोलसमोरून एक पास सोडला तो सरळ अलेक्झांडर इसाकच्या पायात, इसाकने तो बाजूला जोएलिंटनला दिला आणि गोल. १-०, शेवटपर्यंत तोच स्कोअर राहिला. पूर्ण सेकंड हाफ अकरा जणांनी दहा जणांवर चाल केली, बॉल सगळा वेळ साउथॅम्प्टनकडेच, पण गोल काही झाला नाही.

पहिली मॅच, एक चूक, होतं असं, म्हणून सोडून देता आलं असतं. मला पण तेव्हा तसंच वाटलं होतं.

मग २४ नोव्हेंबरला घरच्या मैदानावर लिव्हरपूल आली, टेबलात सगळ्यात वरची टीम. अर्धा तास साउथॅम्प्टनने चांगलं तोंड दिलं आणि मग पुन्हा तेच, मागून पास काढता काढता बॉल अडकला, फ्लिन डाउन्सचा पास चुकीच्या माणसाकडे गेला आणि डोमिनिक सोबोस्लायने बॉक्सच्या कडेवरून तो कोपऱ्यात फिरवला. त्यानंतर साउथॅम्प्टनने चक्क २-१ अशी आघाडी घेतली, तरी शेवटी ३-२ ने हरले. दहा दिवसांनी, ४ डिसेंबरला चेल्सी आली. आता कीपर वेगळा होता, जो लम्ली. १-१ बरोबरी होती, आणि १७व्या मिनिटाला लम्लीने मागूनच दिलेला पास नोनी मदुएकेने अडवला, चेल्सीच्याच एन्कुन्कूपुढे गोल रिकामा. ती मॅच १-५.

म्हणजे बघा, मॅकार्थी, डाउन्स, लम्ली. तीन वेगळी माणसं, त्यातले दोन कीपर आणि एक मिडफिल्डर, तीन वेगळे विरोधी संघ, आणि चूक जिथे झाली ती जागा जवळजवळ एकच, आपल्या गोलपासून वीसेक यार्डांच्या आत. मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं आणि पुढचं सगळं मी याच धाग्याने लिहितोय. एकच खेळाडू वेगवेगळ्या चुका करत असेल तर तो खेळाडूचा प्रश्न आहे, पण वेगवेगळे खेळाडू एकच चूक करायला लागले तर ती चूक आता खेळाडूंची राहिलेली नसते, कोणीतरी त्यांना रोज नेऊन त्याच जागी उभं करतंय.

त्या कोणीतरीचं नाव रसेल मार्टिन, साउथॅम्प्टनचा कोच. स्वतः डिफेंडर म्हणून खेळलेला, नॉर्विचचा कॅप्टन राहिलेला माणूस. एमके डॉन्स, मग स्वान्सी, आणि २०२३ च्या उन्हाळ्यात साउथॅम्प्टन, तीनही ठिकाणी त्याची पद्धत एकच, बॉल आपल्याकडे ठेवायचा, मागून छोट्या पासेसनी खेळ उभा करायचा, कीपरने बॉल लांब भिरकवायचा नाही. आणि हे नीट लक्षात घ्या की ही पद्धत चालली होती. २०२३-२४ ला साउथॅम्प्टन चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या नंबरच्या लीगमध्ये, होती, सप्टेंबरमध्ये ओळीने चार मॅच हरली, त्यातली एक संडरलंडकडून ५-०, आणि त्यानंतर सगळ्या स्पर्धा धरून २५ मॅच हरलीच नाही, जो क्लबचा रेकॉर्ड आहे. ८७ पॉइंट्स घेऊन चौथी आली, वर जायच्या शेवटच्या जागेसाठीच्या प्लेऑफमध्ये वेस्ट ब्रॉमला काढलं आणि २६ मे २०२४ ला वेम्ब्लीवर अ‍ॅडम आर्मस्ट्राँगच्या एका गोलवर लीड्सला हरवून वर आली. ज्या कोचने हे करून दाखवलं तो पुढच्या ऑगस्टमध्ये आपली पद्धत का बदलेल? मी त्याच्या जागी असतो तर मीही बदलली नसती बहुतेक.

पण त्या वर आलेल्या सीझनमध्येच एक आकडा होता ज्याकडे पुरेसं कोणी बघितलं नाही. ४६ मॅचमध्ये साउथॅम्प्टनने ६३ गोल खाल्ले होते. त्याच सीझनला पहिल्या आलेल्या लेस्टरने ४१, आणि तिसऱ्या आलेल्या लीड्सने ४३. म्हणजे वीस-बावीस गोल जास्त, ते पण बॉल बहुतेक वेळ आपल्याकडे असताना. चॅम्पियनशिपमध्ये ते खपून गेलं कारण पुढे गोल भरपूर होत होते, ८७ मारले होते. खालच्या लीगमध्ये तुमच्या बॉक्सजवळ बॉल हिसकावून घेतलेल्या फॉरवर्डचा पहिला टच जड पडतो, किंवा तो घाईत बारवरून मारतो, आणि ती चूक कुठेच नोंदवली जात नाही, मॅच संपते, पॉइंट्स मिळतात, आणि सोमवारी त्या क्लिपकडे पाहून आपण म्हणतो की चालतंय. न्यूकॅसलचा इसाक किंवा लिव्हरपूलचा सालाह तसं होऊ देत नाहीत. चूक आधीपासून तिथेच होती, तिची किंमत तेवढी वाढली.

आता हा मागून खेळण्याचा प्रकार नेमका काय असतो ते जरा सांगायला पाहिजे, कारण त्याशिवाय दोष कोणाचा हे ठरवता येत नाही. २०१९ ला गोल किकचा नियम बदलला. त्याआधी बॉल बॉक्सच्या बाहेर गेल्याशिवाय आपल्या माणसाला तो घेता येत नव्हता, आता किक मारून बॉल हलला की खेळ सुरू, आणि आपला डिफेंडर बॉक्सच्या आतच पास घेऊ शकतो. तेव्हापासून कीपरच्या दोन बाजूंना दोन सेंटर बॅक उभे राहतात आणि समोर एक किंवा दोन मिडफिल्डर खाली येतात. यामागचा विचार असा की समोरच्याने प्रेस करायला, म्हणजे अंगावर येऊन बॉल हिसकावायला, माणसं पुढे काढली तर कीपर धरून आपल्याकडे एक माणूस जास्त असतो, त्यामुळे कोणीतरी मोकळा असणारच, त्याला शोधायचं, एकदा पहिली फळी ओलांडली की पुढे मैदान उघडं. विचार चांगला आहे, पोकळ अजिबात नाही, जगातल्या मोठ्या मोठ्या टीम्स यावर जिंकल्यात.

पण समोरच्या टीमला जर आधीच माहीत असेल की तुम्ही काहीही झालं तरी छोटाच पास देणार, तर सगळं उलटं होतं. मग ते सापळा लावतात. एका सेंटर बॅकला मुद्दाम मोकळा सोडतात, या बाबा घे बॉल, आणि त्याने तो मधल्या मिडफिल्डरला दिला की, जो त्या क्षणी आपल्याच गोलकडे तोंड करून उभा असतो आणि पाठीमागून कोण येतंय हे त्याला दिसत नाही, त्याच्यावर दोघं तुटून पडतात. तो वळू शकत नाही, पुढे देऊ शकत नाही, मागे कीपरला दिला तर कीपरवर तिसरा धावत येतोय. या ठिकाणी चुकलेल्या डाउन्सला किंवा मॅकार्थीला मूर्ख म्हणणं सोपं आहे, पण त्याच्याकडे त्या सेकंदाला किती चांगले पर्याय होते हे पॉज करून बघा. बरेचदा एकच दिसतो, लांब मारणे, आणि तोच करायचा नाही असं शिकवलेलं.

इथे मला पॉल ओनुआचूबद्दल बोललंच पाहिजे. २ मीटर १ सेंटीमीटर उंचीचा सेंटर फॉरवर्ड या क्लबकडे होता. मार्टिनच्या काळातल्या सुरुवातीच्या महिन्यांत तो फारसा दिसलाच नाही. मी असं म्हणत नाही की त्याला खेळवलं असतं तर साउथॅम्प्टन वाचली असती, तसं कोणीच म्हणू शकत नाही. पण दहापैकी दोन वेळा जरी कीपरने बॉल उचलून त्याच्या डोक्यावर टाकला असता ना, तरी प्रेस करायला आलेल्या माणसांच्या मनात एक शंका तयार झाली असती, मागचे डिफेंडर चार पावलं खाली सरकले असते, आणि त्या चार पावलांमुळेच उरलेले आठ छोटे पास सोपे झाले असते. कधीतरी लांब मारणं म्हणजे आपली पद्धत सोडणं नव्हे, तिला आधार देणं आहे. माझा सगळ्यात मोठा आक्षेप मार्टिनच्या पद्धतीवर नाही, तिच्यात दुसरं दार ठेवलं नाही यावर आहे.

बरं, सगळंच कोचवर ढकलायचं का? नाही, आणि इथे आपण फॅन लोक फार घोळ घालतो, टीम हरली की सगळ्या चुका एकाच पोत्यात भरतो. १४ सप्टेंबरला मँचेस्टर युनायटेडविरुद्ध ०-० असताना कॅमरॉन आर्चरची पेनल्टी आंद्रे ओनानाने अडवली आणि दोनच मिनिटांत डी लिख्टने तिकडे गोल केला, मॅच ०-३ गेली. पेनल्टी वाचवली जाते, त्यात कोचचं काही नाही. लिव्हरपूलच्या मॅचमध्ये युकिनारी सुगावाराच्या हाताला बॉल लागून पेनल्टी गेली आणि सालाहने त्यावरच तिसरा गोल मारला, ते त्या क्षणाचं, त्या माणसाचं. चेल्सीविरुद्ध कॅप्टन जॅक स्टीफन्सने कॉर्नरच्या वेळी कुकुरेयाचे केस ओढले आणि रेड कार्ड घेतलं, हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत, हे त्याचं स्वतःचं. फक्त एवढंच की याच स्टीफन्सला युनायटेडच्या मॅचमध्ये पण रेड कार्ड मिळालं होतं, आणि तीन महिन्यांत दोनदा बाहेर गेलेला कॅप्टन म्हटल्यावर पहिलं कार्ड त्याचं आणि दुसऱ्यानंतर कोचने पण त्याच्याशी बसून बोलायला पाहिजे, असं माझं मत. खोलीच्या आत काय बोलणं झालं ते बाहेरून दिसत नाही, त्यामुळे मी तिथेच थांबतो.

मधल्या प्रकारच्या, म्हणजे अर्ध्या खेळाडूच्या आणि अर्ध्या कोचच्या, चुका जास्त अवघड असतात. इप्सविचविरुद्ध टायलर डिबलिंगने पाचव्याच मिनिटाला गोल मारला आणि ९५व्या मिनिटाला सॅम मॉर्सीने बरोबरी साधली. १९ ऑक्टोबरला लेस्टरविरुद्ध घरी २-० आघाडी, मग एक गोल गेला, मग रायन फ्रेझरने बॉक्समध्ये जेमी वार्डीला ओढलं, पेनल्टी आणि रेड कार्ड दोन्ही, २-२, आणि ९८व्या मिनिटाला जॉर्डन आयूने ३-२. फ्रेझरचं ओढणं फ्रेझरचं. पण आघाडी घेतल्यावर मॅच थंड कशी करायची, दहा जण उरल्यावर कोण कुठे उभं राहणार, कोणाला कधी बदलायचं, हे आधी ठरवलेलं असावं लागतं आणि ते ठरवायचं काम खेळाडूचं नसतं. इप्सविच आणि लेस्टर दोघी पण वर आलेल्याच टीम्स होत्या, म्हणजे साउथॅम्प्टनचे पॉइंट्स जिथून यायला हवे होते त्याच मॅचेस. तिथे आघाडी घेऊनही पाच पॉइंट्स गेले.

मार्टिनची बाजू पण पूर्ण मांडायला हवी, कारण ती मजबूत आहे. एक तर त्याचा मुख्य कीपर गॅव्हिन बझुनु एप्रिल २०२४ मध्येच टाचेची नस तुटून बाहेर गेला होता, त्यामुळे प्लेऑफपासून मॅकार्थी, वय ३४, असा कीपर ज्याचं सगळं करिअर शॉट अडवण्यावर गेलं, त्याला ही पद्धत निभावायला लागली. ऑगस्टच्या शेवटी आर्सेनलकडून आरोन रॅम्सडेल आणला, तो पायाने चांगला, पण नोव्हेंबरमध्ये त्याचं बोट मोडलं आणि पुन्हा मॅकार्थी, मग लम्ली. म्हणजे नेमक्या ज्या जागेवर ही पद्धत उभी असते ती जागाच सारखी हलत राहिली. दुसरं, ज्या मॅचेसमध्ये बॉल व्यवस्थित फिरला तिथे टीम खरंच चांगली दिसली, आर्सेनलच्या मैदानावर आधी गोल मारला (हरले १-३), मँचेस्टर सिटीकडे फक्त १-० ने हरले, आणि २ नोव्हेंबरला एव्हर्टनला ८५व्या मिनिटाच्या आर्मस्ट्राँगच्या गोलवर हरवलं. तिसरं, आणि हे मला सगळ्यात पटतं, कोचने दर दोन हरलेल्या मॅचनंतर विचार बदलला तर खेळाडूंचा विश्वास उडतो, ते धड हे करत नाहीत आणि धड ते करत नाहीत.

तरी पण पहिल्या मुद्द्याचंच उलटं टोक बघा. मुख्य कीपर नाही, बदली कीपर पायाने कच्चा आहे, हे कोचला माहीत होतं. मग हातात जे आहे त्याप्रमाणे मागणी कमी करायची की तीच मागणी ठेवायची, हा निर्णय कोणाचा? मॅकार्थीने पास चुकवला ही मॅकार्थीची चूक, मान्य. पण ऑगस्टमध्ये चुकवल्यानंतर नोव्हेंबरमध्ये रॅम्सडेल पडल्यावर त्यालाच परत आणून तोच पास मागायचा, आणि मग लम्लीला आणून त्याच्याकडून पण तोच पास मागायचा, ही चूक मॅकार्थीची पण नाही आणि लम्लीची पण नाही. नोकरीत पण असंच असतं की, ज्याला गाडी नीट येत नाही त्याला रोज घाटात गाडी चालवायला द्यायची आणि ठोकली की त्याच्यावर ओरडायचं. मार्टिन ओरडला नाही, ते त्याच्या बाजूने सांगतो, तो खेळाडूंना जाहीरपणे पाठीशीच घालत राहिला आणि पद्धतीची जबाबदारी आपली आहे असं म्हणत राहिला. पण जबाबदारी माझी असं म्हणणं आणि त्या जबाबदारीपोटी काहीतरी बदलणं यात फार अंतर आहे.

हे फक्त साउथॅम्प्टनचं नाहीये. आदल्याच सीझनला बर्नली अशीच गेली, त्यांचा कोच व्हिन्सेंट कोम्पनीने २०२२-२३ ला चॅम्पियनशिपमध्ये १०१ पॉइंट्स घेतले आणि पुढच्या वर्षी त्याच पद्धतीने खेळून २४ पॉइंट्सवर खाली आला. तिथे तर मार्चमध्ये कीपर बदलला, जेम्स ट्रॅफर्डच्या जागी अरियानेट मुरिच, आणि एप्रिलमध्ये लागोपाठ दोन मॅचमध्ये, एव्हर्टनविरुद्ध त्याने मारलेला बॉल अंगावर आलेल्या कॅल्व्हर्ट-लुईनला लागून गोलमध्ये गेला, आणि पुढच्या आठवड्यात ब्रायटनविरुद्ध आपल्याच माणसाचा साधा बॅकपास त्याच्या पायाखालून निसटून गोलमध्ये. माणूस बदलला, जागा तीच. कोम्पनी त्यानंतर जर्मनीतल्या बायर्न म्युनिकला गेला आणि २०२४-२५ ला जर्मन लीग जिंकला, चांगल्या खेळाडूंसोबत तीच धाटणी चालली, यावरून पद्धत वाईट नाही हे पण कळतं आणि कोणाकडून काय मागायचं हे किती महत्त्वाचं आहे ते पण.

आणि पेप ग्वार्डिओला, ज्याच्यापासून अर्ध्या कोचनी हे सगळं उचललंय, त्याने २०१६ ला सिटीत आल्या आल्या जो हार्टला लोनवर पाठवलं कारण तो पायाने चालणार नव्हता, क्लॉडिओ ब्रावोला आणलं, तो पण अडखळला, बार्सिलोनामध्ये तर पास सुआरेझच्या पायात दिला आणि मग बॉक्सच्या बाहेर हाताने बॉल अडवून रेड कार्ड घेतलं, ०-४. पुढच्या उन्हाळ्यात पेपने एडरसन आणला आणि २०१७-१८ ला १०० पॉइंट्स. लोक यातून पेप आपल्या मतावर ठाम राहिला एवढंच घेतात. तो ठाम राहिला हे खरंच, पण त्याने वर्षभरातच मान्य केलं की या माणसाकडून हे होत नाही, आणि त्याच्यामागे नवा माणूस आणायला पैसा होता. साउथॅम्प्टनकडे तो पैसा नव्हता, मग उरतो दुसरा रस्ता, मागणी बदलायची.

शेवट १५ डिसेंबरला झाला. टॉटनहॅम घरी आली, ३६ सेकंदांत जेम्स मॅडिसनचा गोल, चौदाव्या मिनिटापर्यंत ०-३, हाफटाइमला ०-५. बरेच लोक हाफटाइमलाच साउथॅम्प्टनच्या सेंट मेरीज मैदानातून उठून निघून गेले. त्याच रात्री मार्टिनला काढलं. १६ मॅच, ५ पॉइंट्स, एक विजय.

इथपर्यंत गोष्ट सोपी आहे, हट्टी कोच, तेच गोल, हकालपट्टी. पण पुढे जे झालं त्यामुळे मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं. २१ डिसेंबरला इव्हान युरिच आला, एकदम वेगळ्या स्वभावाचा कोच, माणसाला माणूस लावून खेळणारा, मागून पासेसचा आग्रह नसलेला. त्या मागच्या पासांमधून जाणारे गोल त्याच्या काळात विषयच राहिले नाहीत, पण गोल जायचे काही थांबले नाहीत. त्याच्या १४ लीग मॅचमध्ये टीमला मिळाले ४ पॉइंट्स. एकमेव विजय १ फेब्रुवारीला इप्सविचकडे २-१, आणि विजयाचा गोल कोणी मारला, तर ओनुआचूने. ६ एप्रिल २०२५ ला टॉटनहॅमकडे ३-१ ने हरून साउथॅम्प्टन खाली गेली, सात मॅच बाकी असताना, प्रीमियर लीगमध्ये एवढ्या मॅच शिल्लक असताना त्याआधी कोणीच खाली गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी युरिच पण गेला.

मार्टिनला १६ मॅचमध्ये ५, युरिचला १४ मध्ये ४. जवळपास सारखाच वेग. म्हणजे टीम मुळातच त्या पातळीची नव्हती, हे आता कोणी नाकारू शकत नाही. मग कोचचा दोष किती? माझं मत असं झालंय की हरणं आणि कसं हरणं या दोन गोष्टी वेगळ्या करायला पाहिजेत. साउथॅम्प्टन हरली याचं मोठं कारण टीमची ताकद, आणि ती ताकद ठरवणारे कोच नव्हेत, मालक आणि खेळाडू विकत घेणारे लोक. पण न्यूकॅसलच्या दहा जणांविरुद्ध एकही पॉइंट न मिळणं, लिव्हरपूलसारख्या टीमला पहिला गोल हातात नेऊन देणं, चेल्सीविरुद्ध बरोबरी असताना रिकाम्या गोलसमोर बॉल ठेवणं, हे ताकदीमुळे झालेलं नाही. कमजोर टीमला दर मॅचमध्ये एखाद दुसरी संधी मिळते आणि समोरच्याला पाच-सहा मिळतात, त्यात आपण आपल्या पायाने सातवी तयार करून द्यायची नसते. एवढाच भाग कोचच्या हातात होता आणि तेवढ्याचा हिशोब मी मार्टिनकडेच मागीन.

आणि थोडा त्याला नेमणाऱ्यांकडे पण. त्यांनी २०२३ मध्ये त्याला घेतला तो या पद्धतीसाठीच, ती कशी असते हे स्वान्सीमध्ये दोन वर्षं सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि २०२४ ला वर येताना ६३ गोलचा आकडा पण त्यांच्यासमोर होता. मग वर आल्यावर पहिल्या दिवसापासून पायाने पक्का असा कीपर का नव्हता, रॅम्सडेल दोन मॅच होऊन गेल्यावर का आला? आणि मार्टिनला काढल्यावर, मागून पास करायला म्हणून जमवलेल्या खेळाडूंवर एकदम उलट्या पद्धतीचा कोच, तो पण सीझनच्या मधोमध, आणायचा हा निर्णय कुठल्या हिशोबाने घेतला? खेळाडूंच्या चुका रोज टीव्हीवर स्लो मोशनमध्ये दिसतात, कोचला मॅचनंतर मायक्रोफोनसमोर बसावं लागतं, आणि हे तिसऱ्या मजल्यावरचे लोक कुठेच दिसत नाहीत, ही गोष्ट मला मनापासून खटकते.

मार्टिनला पुढे जून २०२५ मध्ये ग्लासगोच्या रेंजर्सने घेतलं आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, १७ मॅच झाल्यावर, काढलं पण. त्यावर मी जास्त बोलत नाही, ते वेगळं प्रकरण आहे.

साउथॅम्प्टनचे शेवटचे काही आठवडे सायमन रस्क या तात्पुरत्या कोचकडे होते. टीम आधीच खाली गेलेली, फक्त २००७-०८ च्या डर्बी काउंटी क्लबचा ११ पॉइंट्सचा नीचांक ओलांडायचा बाकी होता. १९ एप्रिलला वेस्ट हॅमकडे अगदी शेवटी लेस्ली उगोचुक्वूने गोल मारला, १-१, डर्बीशी बरोबरी. आणि १० मे ला घरच्या मैदानावर मँचेस्टर सिटी आली. त्या दिवशी साउथॅम्प्टनने मागून पास काढायचा नादच सोडला, सगळे आपल्या बॉक्सभोवती दाटीने उभे, बॉल आला की दूर, परत रांगेत. सिटी पूर्ण वेळ बॉल घेऊन फिरत राहिली आणि मॅच ०-० संपली, बारावा पॉइंट. मॅचनंतर सिटीचा रुबेन डियास चांगलाच वैतागला होता, त्याची तक्रार अशी की समोरची टीम खेळायला बघतच नव्हती.